टोमॅटो आणि किनाऱ्यावरची रात्र



आम्ही कृषिशास्त्राचे पदवीधर नव्हे. आमची उमेद कामगारांच्या पगारवाढीच्या वाटाघाटींत गेली. पण पगाराची खरी किंमत ठरते ती भाजीबाजारात. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने किलोला शंभर रुपयांची मजल ओलांडली. कारणे अनेक होती. उष्ण हवामान हे त्यांतले एक. म्हणून हे झाड उकाड्यात का रुसते, ते समजून घेणे कामगाराच्याही हिताचे आहे.

शिरगावला मे महिन्यात दुपारचा पारा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो. नाशिककडे तो चाळिशीला टेकतो. मग टोमॅटो आपल्याकडे अधिक सुखी असावा! तसे होत नाही. घाटावर रात्री पारा चांगलाच उतरतो. आपल्याकडे समुद्र त्याला उतरू देत नाही. पहाटेही तो २६-२७ च्या खाली फारसा जात नाही. टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरातला. त्याला रात्रीचा गारवा हवा. फ्रिट्स वेंट या शास्त्रज्ञाने अमेरिकेत केलेले प्रयोग १९४४ साली प्रसिद्ध झाले. रात्र १५ ते २० अंशांची असली म्हणजे फळ उत्तम धरते, असे त्यांत दिसले. पुढच्या संशोधकांनी चोवीस तासांच्या सरासरीला अधिक महत्त्व दिले. ती २५-२६ च्या वर गेली की फळे घटू लागतात. आपल्या मे महिन्याची सरासरी तिशीच्या घरात!

बिघडते काय? फूल उमलण्याच्या आठ-नऊ दिवस आधी कळीत पराग घडत असतो. त्या वेळच्या उष्णतेने तो वांझ होतो. कित्येक वाणांत कुक्षी परागकोशांच्या नळीबाहेर डोकावते आणि स्वतःच्याच परागाला मुकते. फूल देठाशी पिवळे पडून गळते. पाने मात्र हिरवीगार! भट्टीपुढचा माणूस कोसळला नाही, एवढ्यावरून त्याला उष्णता सोसते असे मालक म्हणतात; त्यातलाच हा प्रकार. झाड उभे राहिले ही सहनशक्तीची खूण नव्हे. फळ धरले, ही खूण.

ही खूण पाहून निवड करता येते. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने उष्ण प्रदेशासाठी असे वाण निवडले. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने उष्ण रात्रीतही फळ धरणारा ‘पुसा सदाबहार’ दिला. तो संकरित नाही. त्याचे बी शेतकऱ्याला घरी राखता येते. संकरित वाणाचे बी दरसाल विकत घ्यावे लागते. हा भेद गरिबाने विसरू नये.

तूर्त वाडीवाल्यांना एवढेच सांगू: भातकापणीनंतर लागण अशी बेता की फुले डिसेंबर-जानेवारीत यावीत. मुळांशी पेंढा पसरा, म्हणजे जमीन तापत नाही. सावलीची जाळी दुपार सौम्य करील; रात्र गार करणार नाही.

उन्हाळी टोमॅटोची हमी कोणी देऊ लागला, तर त्याला पानांची चित्रे मागू नका. हा वाण कोणत्या किनाऱ्यावर, कोणत्या महिन्यात पारखला आणि झाडामागे किती फळे धरली, हे विचारा. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून कोकणासाठी उभे आहे. पालघरच्या किनाऱ्यावर, ऐन मे महिन्यात, मजुराच्या देखत वाण पारखून द्या, अशी मागणी आपण एकजुटीने करू. संघटना केवळ पगारासाठी नसते; पानातल्या घासासाठीही असते.