ठरलेली संध्याकाळ

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या नव्या संगणक-प्रणालीची वार्ता दिली. पुढे लिनक्स वापरणाऱ्यांची मंडळे गावोगावी उभी राहिली. आम्हीही येथील ग्रंथालयात चौघांनी आरंभ केला. व्याख्याने विद्वत्तापूर्ण झाली. नवागत मात्र पुन्हा येईनात! दोष आमचाच होता. मग व्याख्यान आवरते घेऊन प्रत्येकाने आपला संगणक आणावा व सर्वांनी मिळून त्यावर लिनक्स बसवावे, असे ठरविले. अशा मेळाव्यास ‘इन्स्टॉलफेस्ट’ म्हणतात. एक निवृत्त परिचारिका जुना संगणक घेऊन आल्या. पुढील महिन्यात त्याच दुसऱ्यास शिकवीत होत्या. तारीख आम्ही कधी बदलली नाही. हिमवर्षावात दोघेच आलो, तरी दार उघडले. खोलीची किल्ली आता त्या बाईंकडे असते.