ऐकणारीचं मौन

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात ‘पर्सोना’ हा चित्रपट दाखवल्यानंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



चित्रपट संपला तरी अजून कुणी फारसं बोलत नाहीये. दिवे लागले तेव्हा मागच्या रांगेतून एक वाक्य मात्र ऐकू आलं : “म्हणजे शेवटी बाईच बाईची वैरी!” बोलणारी कोण ते मी विचारणार नाही. पण सुरुवात तिथूनच करते. या चित्रपटाचा सगळ्यात सोपा अर्थ हाच निघतो आणि मला तो पटत नाही.

खालच्या ओळी भराभर सरकत होत्या, म्हणून आधी गोष्टीची उजळणी करू. ‘पर्सोना’ हा इंगमार बर्गमन यांचा स्वीडिश चित्रपट १९६६ साली आला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नटाचा मुखवटा. एलिझाबेत फोगलर ही नावाजलेली नटी ‘इलेक्ट्रा’च्या प्रयोगात मध्येच थबकते आणि दुसऱ्या दिवसापासून बोलणंच सोडून देते. डॉक्टरीणबाई तपासून सांगतात की तिच्या शरीराला काही झालेलं नाही, मनालाही नाही. मौन तिनं स्वतःच घेतलेलं आहे. तिच्या देखभालीसाठी अल्मा नावाची पंचवीस वर्षांची परिचारिका नेमली जाते. डॉक्टरीणबाई आपलं समुद्रकाठचं घर देतात आणि दोघी तिथं राहायला जातात. नटीचं काम लिव उलमन यांनी केलंय, परिचारिकेचं बीबी अँडरसन यांनी. प्रत्यक्षातही त्या एकमेकींच्या मैत्रिणी होत्या.

त्या घरात दोघींची मैत्री होते. त्या अळंबी निवडतात, उन्हात बसतात, पुस्तकं वाचतात. एलिझाबेत बोलत नाही, पण ऐकते फार छान. आणि अल्मा बोलू लागते. आजवर तिचं इतकं कुणी ऐकूनच घेतलेलं नसतं. एका रात्री ती आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट सांगते. लग्न ठरलेलं असताना समुद्रकिनाऱ्यावर अनोळखी मुलांशी आलेला संबंध, त्यातून राहिलेले दिवस, होणाऱ्या नवऱ्याच्या ओळखीतून उरकलेला गर्भपात. बर्गमन यांनी तो किनारा आपल्याला दाखवलेला नाही, तुमच्या लक्षात आलं असेल. आपल्याला दिसतात ती फक्त बोलणारी आणि ऐकणारी.

मग ते पत्र येतं. अल्मा टपाल टाकायला निघते. एलिझाबेतनं डॉक्टरीणबाईंना लिहिलेलं पत्र बंद केलेलं नसतं, म्हणून ती ते वाचते. त्यात तिचं ते गुपित लिहिलेलं असतं. शिवाय या मुलीचा अभ्यास करायला मौज वाटते, असंही असतं. पुढची फुटलेली काच, मारामारी, उकळत्या पाण्याचं भांडं हे सगळं आपण पाहिलंच.

आता मी विचारते, यात वैर कुठून आलं? दोघींमध्ये पुरुषावरून भांडण नाही. मत्सर असलाच तर तो नंतरचा. मैत्री मोडली ती पत्रामुळे. आणि ते पत्र लिहिलं जाऊ शकलं, कारण दोघींची जागा सारखी नव्हती. एक प्रसिद्ध आणि खाऊनपिऊन सुखी होती, तिला गप्प राहणं परवडत होतं. दुसरी नोकरीवर होती. तिला गप्प राहून चाललं नसतं, कारण रुग्णाशी बोलणं हे तिचं कामच होतं. घर तिसऱ्याच बाईचं होतं आणि पत्रही तिलाच जात होतं. अल्माला वाटलं आपण दोघी बहिणीबहिणी झालो. प्रत्यक्षात ती सगळा वेळ कामावर होती आणि तिच्याविषयीची माहिती वरच्या पायरीवर पोचत होती. वैर शोधायचंच असेल तर आधी या पायऱ्या मोजाव्या लागतील.

मी वस्तीतल्या सल्ला केंद्रात बसते. आपल्यापैकी बऱ्याच जणी अशा केंद्रांतून काम करतात. तिथं येणारी बाई बोलते, आपण ऐकतो. सासरी काय झालं, अंगावर कुठं वळ आहेत, माहेरच्यांनी दार कसं लावून घेतलं, सगळं ती सांगते. आपण मध्ये बोलत नाही, तसं आपल्याला शिकवलेलंच असतं. आपलं घर, आपला नवरा, आपली भीती यातलं तिला काहीच कळत नाही. उठताना तिच्याजवळ आपला फक्त फोन नंबर असतो, आणि आपल्याजवळ तिचं सगळं आयुष्य. पुढं ती नोंदवहीत ‘केस’ होते, अहवालात चौकट होते, देणगीदारांच्या बैठकीत उदाहरण होते. हल्ली तर मोबाइलवर रेकॉर्ड केलेला तिचा आवाज व्हॉट्सॲपच्या गटावर फिरू शकतो. बंद न केलेलं पत्र निदान एकीच्याच हाती लागलं होतं.

कुणी म्हणेल, मग बायांच्या हकिगती सांगायच्याच नाहीत का? सांगायच्याच. न सांगता आपली चळवळ उभीच राहिली नसती. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरवलं. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि देशभर बाया रस्त्यावर आल्या. एलिझाबेतचं पत्रही एका बाईविषयीच होतं आणि हेही. पण ते मौजेखातर लिहिलेलं होतं आणि हे न्यायासाठी. त्या आंदोलनातून १९८३ साली कायदा बदलला. बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख छापायला त्याच दुरुस्तीनं बंदी केली. तरीही तो खटला आपण आजही त्या मुलीच्या नावानंच ओळखतो. मी आत्ता ते नाव मुद्दाम घेतलं नाही. हेतू चांगला असला तरी नावावर हक्क तिचाच राहतो, एवढंच मला म्हणायचंय.

बर्गमन यांच्याशी माझं एक भांडणही आहे, तेही मांडते. शेवटाकडे अल्मा एलिझाबेतला तिची गोष्ट ऐकवते. मूल नको असताना तिनं ते होऊ दिलं, कारण तिच्यात आईपण नाही असं कुणीतरी म्हणालं होतं. नंतर त्या मुलाचा तिला तिटकाराच वाटत राहिला. तेच भाषण शब्दाला शब्द आपण दोनदा ऐकतो. पहिल्यांदा चेहरा ऐकणारीचा दिसतो, दुसऱ्यांदा बोलणारीचा. मग दोघींचे अर्धे अर्धे चेहरे जोडून एकच चेहरा होतो. दृश्य विलक्षण आहे. पण जरा थांबून विचार करा. एकीनं मूल पाडलं, दुसरीनं नको असताना जन्माला घातलं, आणि चित्रपटात अपराधी दोघीही ठरतात. स्वीडनमध्ये तेव्हा ठरावीक कारणांसाठीच गर्भपाताला परवानगी मिळे. बाईच्या स्वतःच्या इच्छेनं गर्भपात करता येऊ लागला तो १९७५ पासून. म्हणजे अल्माला लपूनछपून जावं लागलं, आणि एलिझाबेतला लोकांच्या टोमण्यानं आई केलं. हे दोघींचं पाप नव्हे, दोघींवरची सक्तीच होती. हे बोलणं आरोप म्हणून न होता गप्पांमधून झालं असतं, तर कदाचित दोन मैत्रिणींना आपलं दुःख एकच आहे हे कळलं असतं. बर्गमन यांनी चेहरे जोडले, पण दोघींना एकमेकींशी बोलू मात्र दिलं नाही.

आपले गट सुरू झाले ते याचसाठी. गोल करून बसायचं, आणि जी ऐकते तिनंही आपलं काही सांगायचं. वस्तीतली बाई बोलणार आणि संस्थेतली ताई लिहून घेणार, ही वाटणी पुढं झाली, प्रकल्प आले, पगार आले, अर्ज भरणं आलं तेव्हा. पगार नकोत असं मी म्हणत नाही, काम करणारीला मोबदला मिळायलाच हवा. पण त्याबरोबर मध्ये पायऱ्या येतात, त्या दिसत नाहीत असं सोंग करू नये. ‘आपण सगळ्या बहिणी’ असं म्हटल्यानं पायरी पुसली जात नाही. अल्मानं तसंच मानलं होतं, म्हणून पत्र वाचल्यावर तिला इतकं लागलं.

तर चहानंतर गटांत बसताना तीन प्रश्न घेऊ या. आपल्या केंद्रात बाईची हकिगत लिहून झाल्यावर ती तिला वाचून दाखवतो का? तिनं ‘एवढं काढून टाका’ म्हटलं तर काढतो का? आणि ऐकणाऱ्या कार्यकर्तीनं आपल्या मनावरचं ओझं कुठं उतरवायचं? हा तिसरा प्रश्न सोडू नका. एलिझाबेतनं ते पत्र लिहिलं, कारण तिला दुसऱ्या कुणाशी बोलायचंच नव्हतं. आपल्याला मात्र बोलायला जागा लागणार आहे, आणि ती बाईची गोष्ट बाहेर न नेता करावी लागेल.

अल्मा शेवटी बॅग घेऊन एकटीच बसमध्ये चढते. तिची कुणी माफी मागितली नाही, आणि तिनं मागितलेली माफी कुणी दिली नाही. आपल्या केंद्रातून एखादी बाई अशी गेली असेल, तर तिच्याविषयी आज गटात बोलू या, पण तिचं नाव न घेता.

माझं झालं. आता तुम्ही बोला, मी ऐकते. मध्ये मलाही काही विचारा.