अडगळींतील खेळणीं

कल्याणच्या पुढें लोहमार्गाला दोन फांटे फुटतात. त्यांतील पुण्याकडे जाणाऱ्या फांट्यावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं स्थानकें एकामागून एक येतात. यांपैकीं बदलापूर मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारें ६८ किलोमीटर दूर आहे. या गांवांतील असंख्य घरांतून मिळवतीं माणसें सकाळीं गाडी गांठण्यासाठीं बाहेर पडतात, तीं दिवेलागणीनंतरच परततात. घरांत उरतें तें तीन-चार वर्षांचें मूल आणि त्याला सांभाळणारी आजी, किंवा शेजारची एखादी मावशी. मोठ्यांच्या हिशेबांत ते मधले तास जमेस धरलेले नसतात; मुलाच्या आयुष्याचा मात्र तोच मोठा भाग असतो.

पावसाळ्यांत ही अडचण अधिकच जाणवते. उल्हास नदीला पूर आला कीं गाड्या खोळंबतात. २६ जुलै २००५ ची अतिवृष्टि या भागांत कोणी विसरलेलें नाहीं. २७ जुलै २०१९ रोजीं तर बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यानें वेढली गेली आणि हजाराच्या आसपास उतारूंची तेथून सुटका करावी लागली. अशा संध्याकाळीं खिडकीशीं उभें राहून "आई केव्हां येणार?" असें पुनःपुन्हां विचारणाऱ्या मुलाच्या हातीं काय द्यावें, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

त्याचें आजचें सर्वांत सोपें उत्तर म्हणजे मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं पांच वर्षांखालील मुलांसंबंधीं मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दोन वर्षांखालील मुलाला पडद्यापुढें बसवूं नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाचा तो वेळ तासाभराहून अधिक नसावा, जितका कमी तितका बरा, असें त्यांत सांगितलें आहे. परंतु नुसतें "देऊं नका" म्हणून भागत नाहीं. आजीच्या गुडघ्यांना मुलामागें धांवणें झेपत नाहीं. दुकानांतील महागडें खेळणें चार दिवसांत मोडतें किंवा त्याहीपूर्वीं कंटाळवाणें होतें. मग द्यावें तरी काय?

या प्रश्नाचा विचार थोरामोठ्यांनीं केलेला आहे. जर्मनींतील फ्रोबेल यानें १८३७ सालीं लहान मुलांसाठीं संस्था काढून लांकडी ठोकळे व चेंडू यांना पाठ्यपुस्तकाचा मान दिला. इटलींतील डॉ. मारिया माँटेसोरी यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहरांतील गरीब वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें. १९३९ सालीं त्या हिंदुस्थानांत आल्या आणि महायुद्धाच्या काळांत येथेंच राहिल्या. मुलाचें ज्ञान हातांतून, कानांतून व डोळ्यांतून वाढतें, हें त्यांचें सूत्र. आणि त्यासाठीं त्यांनीं जें साहित्य बनविलें त्यांत निरनिराळे आवाज करणाऱ्या नळ्या, स्पर्शानें ओळखावयाचीं कापडें, रंगांच्या छटा दाखविणाऱ्या पट्ट्या अशा वस्तु होत्या. साहित्य सुबक खरें. पण सामान्य घराला तें महागच.

ही अडचण महाराष्ट्रांत ताराबाई मोडक यांनीं दूर केली. भावनगरच्या दक्षिणामूर्ति बालमंदिरांत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आलेल्या ताराबाईंनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. बोर्डी आज पालघर जिल्ह्यांत मोडते, पण त्या वेळीं ती ठाणें जिल्ह्यांत, म्हणजे अंबरनाथ-बदलापूरच्याच जिल्ह्यांत होती. खेड्यांतील बालवाडीला परदेशी धर्तीचें साहित्य परवडणार नाहीं हें ओळखून त्यांनीं शिंपले, खडे, बिया, पानें, माती या भोंवतालच्या वस्तूंनाच शिक्षणाचें साधन केलें. बोर्डीला जें साधलें तें अंबरनाथच्या दोन खोल्यांत कां साधूं नये? त्यासाठीं बाजारांत जाण्याचें कारण नाहीं. घरांतील अडगळ व गांवाचा स्वभाव यांकडे डोळसपणें पाहिलें म्हणजे पुरे.

अंबरनाथ म्हटलें कीं प्रथम आठवतें तें अकराव्या शतकांतील शिवालय. आणि जुन्या लोकांना त्यानंतर आठवतो तो आगपेट्यांचा कारखाना. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी १९२३ सालीं निघाली आणि तिचा एक कारखाना अंबरनाथला उभा राहिला. तेथील विमको नाका तें नांव अद्याप सांगतो. रिकामी आगपेटी ही खेळण्यांची राणी होय. पेटी पूर्ण रिकामी करावी, आणि काडी ओढण्याच्या बाजूंवर कागद चिकटवावा, कारण त्या लेपांत तांबडा फॉस्फरस असतो. मग सहा पेट्या घेऊन त्यांच्या जोड्या कराव्या. एका जोडींत तांदूळ, दुसरींत वाळू, तिसरींत चिंचोके भरून पेट्या खळीनें बंद कराव्या. मुलानें कानाशीं हलवून सारखा आवाज देणाऱ्या पेट्या शोधावयाच्या. माँटेसोरीबाईंच्या आवाजाच्या नळ्या त्या याच! सहा पेट्या दोन-दोन अशा एकावर एक चिकटविल्या कीं कप्प्यांचें कपाट होतें. दोऱ्यानें एकामागें एक बांधल्या कीं आगगाडी होते. दोन पेट्यांच्या तळाला भोंक पाडून मधून दोरा ओवला व तो ताणून धरला, तर एका खोलींतील कुजबुज दुसऱ्या खोलींत ऐकूं येते. दोरा सैल पडला कीं आवाज बंद. ताणला कीं पुन्हां सुरू. आवाज कंपनानें जातो, हें शास्त्र मूल शब्द न ऐकतां शिकून जातें.

उल्हासनगरची गोष्ट निराळी. महायुद्धाच्या काळांतील कल्याणच्या लष्करी छावणींत फाळणीनंतर, १९४७ पासून, सिंधमधून निर्वासित कुटुंबें येऊं लागलीं. बराकींत राहून त्यांनीं शून्यांतून संसार उभे केले. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें या वसाहतीला उल्हासनगर हें नांव मिळालें. पुढें येथें कपड्यांचा व शिवणकामाचा व्यवसाय भरभराटला. जीन्सचे कपडे तर दूरदूर जाऊं लागले. अशा गांवांत चिंध्यांना काय तोटा? जीन, मलमल, साटीन, खादी, लोकरी कापड असे प्रत्येकाचे दोन-दोन चौकोनी तुकडे कापावे, पिशवींत घालावे, आणि मुलानें न पाहतां हात घालून जोडी जुळवावी. बोटांना खरबरीत-मऊ कळूं लागलें कीं पुढें अक्षर गिरविणारी बोटें तयार होतात.

त्याच चिंध्यांची बाहुलीही होते. हातरुमालाएवढ्या कापडाच्या मधोमध कापसाचा गोळा ठेवून दोऱ्यानें गळा बांधला कीं डोकें झालें. दोन कोपऱ्यांना गांठी मारल्या कीं हात झाले. डोळे शिवून काढावे, बटणें लावूं नयेत. ही बाहुली दिसावयास ओबडधोबड असते, परंतु दुकानांतील बाहुलीला जें साधत नाहीं तें तिला साधतें. तिचें तोंड ठरलेलें नसल्यामुळें ती मुलाबरोबर हंसते आणि मुलाबरोबर रुसते. आईची वाट पाहणारें मूल जेव्हां बाहुलीला थोपटून "रडूं नको, आई येते हं" असें सांगतें, तेव्हां तें स्वतःचीच समजूत घालीत असतें. आजीनें त्या वेळीं मध्यें बोलूं नये.

बदलापूर हें एके काळचें खेडें, न्या. ना. गो. चापेकर यांनीं या गांवाची बारकाईनें पाहणी करून त्यावर ग्रंथ लिहिला. आज तेथें उंच इमारती झाल्या असल्या, तरी नदी, माती आणि झाडें यांनीं गांव सोडलेलें नाहीं. मातीचा गोळा भिजवून मुलापुढें ठेवला कीं दुपार सरते. चूल, बोळकीं, तवा अशी भातुकली घरांतच घडते. दिवाळीच्या सुमारास याच मातीचा किल्ला होतो, आणि त्यावर पेरलेले अळीव चार-पांच दिवसांत हिरवेगार होतात. फिरावयास नेतांना मुलाच्या हातीं पिशवी द्यावी व गळून पडलेलीं पानें वेंचूं द्यावीं. घरीं आल्यावर तीं फिक्या हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंत ओळीनें मांडावीं. रंगांच्या पट्ट्यांचें काम फुकटांत होतें. आंब्याच्या दिवसांत कोय, जांभळाच्या दिवसांत बी, चिंचेच्या दिवसांत चिंचोके, असा खेळण्यांचा हंगामही निसर्गच ठरवून देतो.

ज्या घराला अंगण नाहीं, त्या घरालाही स्वयंपाकघर आहेच. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि बेताचें पाणी घालून मळलेला गोळा झांकणाच्या डब्यांत कांहीं दिवस टिकतो. त्याचे लाडू, साप, पक्षी होतात. मात्र त्यांत मीठ फार असल्यामुळें तो मुलानें खाऊं नये, याकडे लक्ष असावें. पांच-सहा वर्षांच्या मुलासाठीं आणखी एक गंमत आहे. हळदीच्या पाण्यांत भिजवून वाळविलेल्या कागदावर साबणाच्या पाण्यांत बुडविलेल्या काडीनें रेघ ओढली कीं ती तांबडी उमटते. तिच्यावर लिंबाच्या रसाचा थेंब पडतांच ती पुन्हां पिवळी होते. चिकटविण्यासाठीं कणकेची किंवा मैद्याची खळ शिजवावी. कीड लागूं नये म्हणून जुने लोक खळींत मोरचूद घालीत. मुलांच्या खळींत तें विष मुळींच घालूं नये.

येथें सावधगिरीचे चार शब्द आवश्यक आहेत, कारण खेळ अपायकारक झाला तर त्याचें सारें मोल बुडतें. तीन वर्षांखालील मूल प्रत्येक वस्तु तोंडांत घालून पाहतें. जी वस्तु सुमारें तीन सेंटिमीटर रुंदीच्या नळींतून आरपार जाते, ती त्या मुलाच्या श्वासनलिकेलाही अडवूं शकते. म्हणून चिंचोके, सागरगोटे, बटणें व मणी त्या वयांत नकोत. गुंजेच्या व एरंडाच्या बिया सुंदर दिसल्या तरी विषारी आहेत. त्या कोणत्याही वयाच्या मुलाला देऊं नयेत. खेळण्यांतील व घड्याळांतील बटणासारखी चपटी बॅटरी गिळली गेली, तर दोन तासांतही अन्ननलिका भाजूं शकते. तशी शंका आली तरी घरगुती उपाय करीत न बसतां तत्काळ रुग्णालय गांठावें. गळ्याभोंवतीं गुंडाळली जाईल एवढी लांब दोरी मुलाजवळ एकटी सोडूं नये. टेलिफोनचा खेळ झाला कीं दोरा गुंडाळून वर ठेवावा.

साहित्यापेक्षां मोठ्यांचें वागणें अधिक महत्त्वाचें. पुष्कळ घरांत असें होतें कीं मुलाची होडी वांकडी झाली कीं मोठें माणूस ती हातांतून घेतें, उलगडतें आणि सुबक करून परत देतें. होडी सरळ होते, पण ती मुलाची राहत नाहीं. वांकडी होडी वांकडीच पाण्यांत सोडूं द्यावी. ती कलंडली तर कां कलंडली, हें मूल स्वतःच पाहील. "छान, छान" म्हणून उरकण्यापेक्षां "ही खिडकी कोणाच्या घराची?" असा एक प्रश्न विचारावा, मग मूल अर्धा तास बोलत राहतें. सर्व वस्तु एकदम पुढें ओतूं नयेत. दोन-तीन द्याव्या, बाकीच्या डब्यांत झांकून ठेवाव्या, आणि आठवड्यानें बदलाव्या. जुनें खेळणें पुन्हां नवें होतें. खेळ संपल्यावर आवरण्याचें कामही मुलाकडेच असावें. आणि संध्याकाळीं थकून आलेल्या आईबापांनीं मुलानें दिवसभरांत काय केलें तें पाहण्यासाठीं पांच मिनिटें खालीं बसावें. दिवसभराच्या वाट पाहण्याचें फळ मुलाला तेथें मिळतें.

पावसाच्या एखाद्या संध्याकाळीं खऱ्या गाड्या कल्याणलाच थांबलेल्या असतात. अशा वेळीं अंबरनाथच्या एखाद्या घरांत आजी भिंतीला टेकून बसलेली असते आणि फरशीवरून आगपेट्यांची गाडी निघते. उल्हासनगर येतें, अंबरनाथ येतें, आणि चिंधीची एक बाहुली पिशवी घेऊन खालीं उतरते. गाडी उशिरां कां आली याचें कारण मूल स्वतःच सांगतें, आजी मान डोलावते, आणि खिडकीकडचा तो प्रश्न घटकाभर शांत होतो. त्या घटकेचें मोल फार आहे. तिच्यासाठीं लागतें तें एवढेंच, कीं रिकामी आगपेटी केराच्या टोपलींत टाकण्यापूर्वीं घरांतल्या कोणीतरी क्षणभर हात थांबवावा.