स्क्रू ड्रायव्हर शेवटी

रिमोटवर धावणारा नायट्रो ट्रक दिसायला खेळणं असला, तरी त्याच्या पोटात खरंखुरं टू-स्ट्रोक इंजिन असतं. ज्यांच्याकडे असा ट्रक आहे, त्यांची तक्रार बहुधा ठरलेली असते. ‘पळताना छान पळतो हो, पण उभा राहिला की बंद पडतो!’ आणि एवढं सांगेपर्यंत कार्बोरेटरचा स्क्रू दोन-तीनदा फिरवूनही झालेला असतो. मला आज सांगायचं आहे ते एवढंच, की स्क्रू ड्रायव्हर सगळ्यात शेवटी हातात घ्यावा.

याला कारण आहे. या इंजिनात ऑइल वेगळं भरत नाहीत. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणाचं तेल एकाच इंधनात मिसळलेलं असतं. नीडल आवळली की इंधन कमी होतं, पण त्याबरोबर तेलही कमी होतं. गाडी काही वेळ झकास पळते आणि तेवढ्यात आतला पिस्टन आणि स्लीव्ह झिजून जातात. मग ते बदलण्यावाचून गत्यंतर नसतं.

म्हणून आधी ग्लो प्लग पाहा. १९४७ साली रे आर्डेन यांनी हा प्लग बाजारात आणला. त्यात ठिणगी नसते, प्लॅटिनमची बारीक तार असते. सुरुवातीला ती बॅटरीने तापवायची. पुढे इंजिनाची उष्णता आणि मिथेनॉल यांच्या जोरावर ती तापलेली राहते. बॅटरी काढताक्षणी इंजिन बंद पडत असेल, तर नवा प्लग लावून पाहा. मग इंधन. मिथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. पावसाळाभर नीट झाकण न लावता राहिलेली बाटली भरवशाची नाही.

त्यानंतर हवेची गळती शोधा. थ्रॉटल सोडल्यावर इंजिनाची रेस लगेच उतरत नसेल, तर कुठून तरी जादा हवा शिरते आहे किंवा इंधन कमी पडतं आहे. इंधनाची नळी, टाकीचं झाकण, कार्बोरेटरच्या बुडाचं रबरी सील तपासा. अडकणारा क्लच किंवा घासणारा ब्रेकही उभं इंजिन बंद पाडतो. एअर फिल्टर स्वच्छ आणि तेल लावलेला हवा.

हे सगळं ठीक असेल, तरच ट्यूनिंग. पुस्तिकेतल्या मूळ मापावर या आणि इंजिन चांगलं तापू द्या. आधी हाय-स्पीड नीडल, मग लो-स्पीड, शेवटी आयडलचा स्क्रू. एका वेळी एक अष्टमांश फेरा, त्याहून जास्त नाही. आता संथ चालत्या इंजिनाची इंधनाची नळी कार्बोरेटरजवळ चिमटीत दाबा. दोन ते चार सेकंदांत रेस किंचित वाढून इंजिन बंद पडलं, तर मिश्रण बरोबर. तत्काळ बंद पडलं, तर इंधन कमी. बराच वेळ चालत राहिलं, तर जास्त. पुष्कळ जण नुसता आयडल वाढवून इंजिन चालू ठेवतात. त्यानं दोष जात नाही, फक्त झाकला जातो. वर क्लच पकडू लागतो आणि गाडी उभी राहायलाच तयार होत नाही.

सगळं करूनही इंजिन गार असताना चालतं आणि तापलं की बंद पडतं, असं होत असेल, तर कॉम्प्रेशन गेलं असण्याची शक्यता मोठी. तिथे कुठलाच स्क्रू उपयोगाचा नाही.

एक सूचना मात्र विसरू नका. मिथेनॉल विषारी आहे, आणि त्याची ज्वाला भर उन्हात दिसतही नाही. त्यामुळे इंजिन उघड्यावरच चालवा, बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. मुलांना जवळ बसवून इंजिनाचा आवाज ऐकायला मात्र जरूर शिकवा. यंत्र काय म्हणतं ते आधी ऐकायचं आणि मगच हात लावायचा, ही सवय त्यांना पुढे मोठ्या गाड्यांशीही उपयोगी पडेल.