घरट्याचे सामान



तुमच्या घराचे मागचे दार उघडले की समोर काय काय दिसते, ते जरा आठवून पाहा. मोताळ्याकडचे घर असेल तर भिंतीला पऱ्हाट्यांची रास टेकलेली असते. बाजूला तुराट्यांचे कुंपण, गोठ्याशी कुटाराचा ढीग, मोरीच्या पाण्यावर वाढलेली दोन केळी, एखादा कडुनिंब, आणि त्याच्या फांदीला अडकवलेले खताचे रिकामे पोते. यात पाहण्यासारखे काय आहे, असे तुम्ही म्हणाल. पाहुणा आला तर आपण त्याला पुढच्या अंगणात बसवतो, परसात नेत नाही. पाखरांचे मात्र उलटे आहे. त्यांचा सगळा बाजार मागच्या दारी भरतो.

पाखराला घरटे बांधायला झाड लागते, हे आपल्याला ठाऊक असते. पण झाड म्हणजे नुसती जागा झाली. घर बांधायला जागा मिळाली म्हणून घर उभे राहते काय? माती, लाकूड, कवेलू, सगळे लागते. पाखराचेही तसेच आहे, आणि प्रत्येकाचे सामान निराळे. होला चार वाळक्या काड्या आडव्या टाकतो की झाले. इतके विरळ काम की खाली उभे राहिले तर वर अंडी दिसावीत. बुलबुल बारीक मुळ्या आणि काटक्यांची वाटी करतो आणि ती कोळ्याच्या जाळ्याने बांधून घेतो. चिमणीला वाळके गवत, पिसे, कापूस, चिंधीचा धागा, काहीही चालते. साळुंकी तर भंगारवाल्यासारखी: चिंध्या, कागद, पिसे, कधी सापाची कातसुद्धा भिंतीच्या भोकात नेऊन कोंबते. कावळ्याला काटक्यांच्या जोडीला तारेचे तुकडे मिळाले तर तो तेही सोडत नाही. भिंगऱ्यांना हवा असतो नुसता चिखल. हातपंपापाशी किंवा बैलांच्या हौदापाशी ओल असली की त्या येतात, चोचीत मावेल एवढी गोळी उचलतात आणि पुलाखाली नेऊन थापतात.

आता मुद्द्याचे सांगतो. अलीकडे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते की पाखरांसाठी टोपली टांगा, तिच्यात कापूस ठेवा, दोरे ठेवा, ते येऊन नेतील. हेतू चांगला आहे. पण आपल्या गावात टोपली टांगण्याची फारशी गरजच नाही. आपले सगळे परस हीच टोपली आहे. अडचण एवढीच की आपण ती फार झाडून-पुसून ठेवू लागलो आहोत, आणि जे तिच्यात नको ते नेमके पडू देतो.

नको ते काय, ते एका प्रसंगावरून सांगतो. आमच्या गोठ्याच्या भिंतीत एक वीट निघालेली होती. त्या भोकात साळुंकीने घरटे केले. पिल्ले मोठी झाली, दोन उडून गेली, एक मात्र आत राहिले. आई त्याला किडे आणून भरवीच. दोन-तीन दिवस झाले तरी ते बाहेर येईना, म्हणून शिडी लावून पाहिले. खताच्या प्लॅस्टिक पोत्याला उन्हाने धागे सुटतात, पांढरे, चपटे, ते तुम्ही पाहिले असतील. तसा एक धागा त्याच्या पायाला पाच-सात वेढे घेऊन घरट्याच्या काड्यांत गुंतला होता. कात्रीने कापला. पण पाय केव्हाच वाळून काळा पडलेला होता. पिल्लू दोन दिवस जगले. ते पोते मीच त्या खुंटीला अडकवले होते, आणि पावसाळाभर तसेच राहू दिले होते.

साळुंकीला त्यात काय कळणार? तिला ते गवताचे पाते वाटले. गवताचे पाते ओढले की तुटते, भिजले की कुजते. प्लॅस्टिकचा धागा तुटत नाही आणि कुजतही नाही. नायलॉनच्या दाव्याचे उसवलेले टोक, टोमॅटोच्या वेलांची सुतळी म्हणून आणलेली प्लॅस्टिकची दोरी, मासे धरायच्या जाळ्याचा तुकडा, पोरांचा मांजा, ही सगळी एकाच जातीची. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली. पण झाडावर अडकलेला मांजा बंदी वाचायला जात नाही, तो वर्षानुवर्षे तसाच लोंबतो. तेव्हा पहिले काम हे: संक्रांत झाली की मुलांना घेऊन आवारातल्या झाडांवरचा मांजा उतरवून घ्या, आणि रिकामी पोती घडी करून घरात ठेवा. यात एक पैसा खर्च नाही.

साधे दोरेसुद्धा लांब असू नयेत. अंबाडीचा वाख, तागाची सुतळी, चिंधीचे सूत बाहेर टाकायचेच असेल तर चार बोटांपेक्षा लहान तुकडे करून टाका. बायांनी केस विंचरून गुंतवळ कुंपणावर खोचू नये. लांब केस पिल्लाच्या पायाला धाग्यासारखाच आवळतो. कापसाचे म्हणाल तर आपल्या भागात त्याला तोटा नाही. वेचणी झाल्यावर पऱ्हाटीच्या बोंडात जो थोडाफार कापूस चिकटून राहतो, तो पाखरांना पुरतो. औषध लावलेली पेरणीची सरकी मात्र उघड्यावर सांडू देऊ नका. तो रंग शोभेचा नाही, विषाची खूण आहे.

कापसावरून शिंपी पक्ष्याची आठवण झाली. हा एवढासा, हिरवट पाठीचा, शेपटी वर उभारून कुंपणातून टुणटुण उडणारा. याची मादी रुंद पानाच्या झुडपाचे एक पान वळवते, नाहीतर दोन पाने जवळ आणते, कडेने चोचीने भोके पाडते आणि त्यांतून कापसाचा किंवा कोळ्याच्या जाळ्याचा तंतू ओवते. गाठ मारत नाही; तंतूचे टोक भोकाबाहेर फुगून बसते, म्हणून टाका निसटत नाही. पान जिवंतच राहते, त्यामुळे घरटे हिरवे दिसते आणि कोणाला दिसत नाही. जांभळा शिंजीर, ज्याला कोणी सूर्यपक्षी म्हणतात, तोही जाळ्याचाच गिऱ्हाईक. त्याची मादी गवत, सालीचे कपटे, अळ्यांची विष्ठासुद्धा जाळ्याने एकत्र बांधते आणि बारीक डहाळीला पिशवी लोंबवते. लांबून वाटावे की कचरा अडकला आहे. म्हणून घरच्या मंडळींना एवढेच म्हणणे आहे की दिवाळीला जळमटे झाडा, अवश्य झाडा. पण चैत्र-वैशाखात मागच्या भिंतीवरची आणि कुंपणातली जाळी राहू द्या.

आता सुगरणीकडे येतो. टोपली टांगून तिचे काहीच भागत नाही, आणि तिची मोठी हानी आपल्या हातून नकळत होते आहे.

आपल्या शेजारच्या खानदेशातल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी (१८८०–१९५१) सुगरणीच्या खोप्याचे गाणे केले, ते शाळेत जाणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. गंमत अशी की पाखराचे नाव बाईचे, आणि विणकाम सगळे बुवाचे! खोपा नर विणतो. हे बारकाईने पाहिले डॉ. सलीम अलींनी, आपल्याच महाराष्ट्रात, कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडमधल्या किहीम गावी. १९३० च्या पावसाळ्यात ते तिथे राहिले होते. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. ते रोज पाहत बसले, आणि पुढल्या वर्षी त्यांनी ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापले. नर खोपा अर्धाच विणतो, शिरस्त्राणासारखा. मग माद्या येऊन तो तपासतात. एखादीला पसंत पडला तर नर पुढची नळी विणून तो पुरा करतो, आणि तो होतो न होतो तोच दुसऱ्या खोप्याला लागतो, दुसऱ्या मादीसाठी. नापसंत खोपे तसेच अर्धवट लोंबत राहतात. पुढे आतली किरकोळ डागडुजी तेवढी मादी करते. खोप्यात चिखलाचे गोळे लावलेले सापडतात. त्यांवर काजवे चिकटवून सुगरण रात्री दिवा लावते, असे आजी सांगायची. काजव्याचे खरे नव्हे. वाऱ्यात खोपा फार हेलकावू नये म्हणून ते वजन असावे, असे जाणकार मानतात.

एका खोप्याला अदमासे अठरा दिवस आणि शेकडो खेपा लागतात. सामान एकच: हिरवे पाते. पाखरू पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडते, तिथे धरते आणि उडते, की लांब दोरी फाटून हातात येते. हातात म्हणजे चोचीत. गवताचे रुंद पाते, उसाचे, शिंदीच्या झावळीचे, असे काहीही चालते, पण ते हिरवे हवे. वाळले की विणताना मोडते. म्हणून सुगरण मृग लागल्यावर गवत वर आले की कामाला लागते. खोपा टांगते विहिरीवर झुकलेल्या बाभळीला, बहुधा पूर्वेच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडची झड थेट लागत नाही, आणि खाली पाणी व वर काटे असल्याने साप-मांजर सहसा येत नाही.

बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरून मोताळ्याकडे निघालात तर दोन्ही बाजूंना कापूस, मका, सोयाबीन दिसेल. मधले धुरे पाहा. पूर्वी धुऱ्यावर गवत असे, ते कापून बैलांना घालीत. आता तणनाशकाचा पंप घेतला की पिकाबरोबर धुराही मारून टाकतात. जून-जुलैत तो तांबडा-पिवळा पडलेला दिसतो. नेमक्या त्याच दिवसांत सुगरण हिरवे पाते शोधत असते. बोअर झाले की जुनी विहीर बुजते आणि तिच्यावरची बाभूळ सरपणाला जाते. शेतकऱ्याला दोष देऊन हे भागायचे नाही. मजुरी महाग, माणूस मिळत नाही. मी एवढेच मागतो की विहिरीच्या आसपासचा धुरा, तेवढा पाच-पन्नास पावलांचा, दिवाळीपर्यंत फवारू नका. कापायचाच तर विळ्याने कापा, बुडापासून गवत पुन्हा फुटते. आणि विहिरीवरची बाभूळ तोडायची ठरलीच तर खोपे रिकामे झाल्यावर तोडा, श्रावणात नको.

गुरुजींना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, वर्गाच्या भिंतीवर शोभेला खोपा टांगायची पद्धत सोडावी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्याने वन्य पक्ष्यांची घरटी व अंडी यांना हात लावणे गुन्हा ठरते. शिवाय खोपा जुना झाला म्हणजे फुकट गेला असे नाही; मुनियांच्या जातीची लहान पाखरे सुगरणीच्या जुन्या खोप्यांत संसार मांडतात. दुसरी गोष्ट चिमणीची. नाशिकच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन सुरू केला, त्या दिवशी शाळांतून खोकी टांगली जातात. धाब्याच्या घरांत, मातीच्या भिंतींत चिमणीला हव्या तेवढ्या सांदी होत्या. स्लॅबच्या घरात त्या नाहीत, तेव्हा खोके उपयोगी पडते. भोक सव्वा इंचाचे ठेवा, म्हणजे साळुंकी आत शिरत नाही. पत्र्याचे खोके करू नका, आणि तोंड दुपारच्या उन्हाकडे नको. आत काही भरू नका. ते चिमणी भरते.

मग मुलांना एक काम द्या. मधल्या सुट्टीत एका जागी गप्प बसायचे, आणि परसातून किंवा शाळेच्या आवारातून कोणते पाखरू काय उचलून नेते ते वहीत लिहायचे: तारीख, पाखरू, चोचीतली वस्तू, कोणत्या दिशेने गेले. त्याच्या मागे धावायचे नाही, घरट्यापाशी जायचे नाही. चैत्रापासून श्रावणापर्यंत ही वही चालवली तर गावात काय शिल्लक आहे आणि काय संपले आहे ते पोरांच्याच अक्षरात तुमच्यापुढे येईल. आणि एखाद्या पानावर चोचीतली वस्तू म्हणून ‘पोत्याचा धागा’ असे लिहिलेले दिसले, तर ते पोते कोणाच्या कुंपणावर आहे हे पोरे तुम्हाला लगेच सांगतील.