दमा व त्याची खरी परीक्षा
(भुसावळ येथील धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या आनंदांत दुखण्याचा विषय काढतों, याबद्दल क्षमा असावी. परंतु ज्या गायकवृंदांत मीं तीस वर्षें गाइलें, त्यांतून मला एकदां मुकाट्यानें बाजूस व्हावें लागलें. त्याचें कारण सांगणें मी आपलें कर्तव्य समजतों.

लहानपणीं मला दमा होता. छातींत शिटी वाजे, धाप लागे; पुढें तें थांबलें. पन्नाशीनंतर मात्र निराळेंच सुरू झालें. शिटी नाहीं, केवळ पहाटे तीनच्या सुमारास कोरडा खोकला, आणि गीताची ओळ पुरी होण्यापूर्वींच संपणारा श्वास. कोणी भुसावळच्या उन्हास दोष दिला, कोणी जिनिंगमधील कापसाच्या धुळीस. एका दवाखान्यांतून कांहींही न तपासतां खोकल्याचीं औषधें मिळत राहिलीं. घरांत क्षयाची शंका आली व माझा पेला निराळा ठेवला गेला. ज्या दुखण्यास नांव नाहीं, त्याचें भय दुखण्याहून मोठें असतें.

अखेरीस दुसऱ्या एका डॉक्टरांनीं थुंकी तपासविली, छातीचा एक्स-रे काढविला, व एका नळींत जोरानें फुंकावयास सांगितलें. मग पंपानें औषध देऊन पंधरा मिनिटांनीं पुन्हां फुंकविलें. पहिल्या सेकंदांत बाहेर पडणारी हवा औषधानंतर १२ टक्के व २०० मिलिलिटर यांहून अधिक वाढली, तर दम्याच्या निदानास बळकटी येते. माझी तशी वाढली. जुना दमाच वेष पालटून आला होता!

१८१६ सालीं पॅरिस येथें रेने लाएनेक या श्रद्धाळू कॅथलिक वैद्यानें कागदाची सुरळी रोग्याच्या छातीस लाविली व स्टेथोस्कोप जन्मास आला. तथापि दोन उबळींच्या मधल्या काळांत दमेकऱ्याची छाती स्वच्छ ऐकूं येऊं शकते; फुंकण्याची परीक्षाही त्या दिवशीं निर्दोष ठरूं शकते. म्हणून खोकला किती वाजतां आला, धूर, धूळ, थंडी कीं हसणें निमित्त झालें, हें वहींत टिपून डॉक्टरांस दाखवावें. उलटपक्षीं प्रत्येक धाप दम्याचीच असेंही नव्हे; हृदयविकार, क्षय, विडीनें वा चुलीच्या धुरानें जीर्ण झालेलीं फुप्फुसें, यांनींही धाप लागते.

पंपाची सवय लागेल, मुलीचें लग्न मोडेल, या भीतीनें पंप लपविणाऱ्या मातांस माझी हात जोडून विनंति आहे: तसें करूं नका. पंपांतील औषध अल्प मात्रेंत थेट फुप्फुसांत जातें. मात्र केवळ तात्पुरत्या आरामाच्या पंपावर विसंबणें धोक्याचें. सूज आवरणारें औषध डॉक्टर सांगतील तसें नियमानें घ्यावें. बोलणें तुटूं लागलें वा ओठ निळे पडले, तर क्षणाचाही विलंब न लावितां रुग्णालय गांठावें.

गेल्या नाताळांत मध्यरात्रीच्या मिस्साला मी पुन्हां गायकवृंदांत उभा होतों. घरीं माझा पेलाही आतां सर्वांच्या पेल्यांत आहे.