हेड बदलताना जुने बोल्ट चालतील का?

इंजिनाचे हेड तडकले की आपण नवे हेड आणतो, नवे गॅस्केट आणतो. बोल्ट मात्र तेच जुने, डिझेलमध्ये धुऊन पुन्हा बसवतो. "लोखंडाच्या बोल्टाला काय होतंय?" असं आपण म्हणतो. आज याच प्रश्नाचा विचार करू.

शिंदखेडा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचे हेड मृगाच्या तोंडावर बदलले. बोल्ट जुनेच ठेवले. पंधरा दिवसांत रेडिएटरचे पाणी कमी होऊ लागले आणि ऑइल ताकासारखे पांढरट झाले. हेड पुन्हा उतरवून बोल्ट शेजारी शेजारी उभे केले, तेव्हा दोन बोल्ट बाकीच्यांपेक्षा लांब भरले. पाणीमिश्रित ऑइलाने बेअरिंगही खराब झाले होते. खर्च झाला तो झालाच, पण पहिल्या पावसाचा वाफसाही हातचा गेला. कोरडवाहू शेतीत तो पैशाने परत मिळत नाही.

हे का होते? विहिरीवरच्या ५ अश्वशक्तीच्या इंजिनाचे उदाहरण घ्या. सिलिंडरचा व्यास ८ सेंटिमीटर आणि आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला ६० किलो धरला, तरी प्रत्येक स्फोटाला हेडवर सुमारे ३००० किलोचा जोर येतो. मिनिटाला १५०० फेरे असतील तर असे ७५० स्फोट होतात. हा जोर बोल्ट पेलतात. आवळलेला बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो. त्या ताणामुळेच हेड ब्लॉकवर दाबून राहते. बोल्ट सोडल्यावर तो मूळ लांबीवर आला तर ठीक. कायमचा लांबला असेल तर पुन्हा कितीही आवळा, पकड पूर्वीसारखी येत नाही.

मग बदलायचे केव्हा? बोल्ट दोन प्रकारचे असतात. बऱ्याच जुन्या इंजिनांचे जाड बोल्ट किंवा स्टड-नट तपासून पुन्हा वापरता येतात. काही नव्या इंजिनांत बोल्ट आधी ठराविक ताणाने आवळून मग ठराविक अंशांत फिरवतात. असे बोल्ट मुद्दाम ताणलेले असतात. पुस्तिकेत 'दर वेळी नवे' असे लिहिले असेल तर ते नवेच घाला.

जुने बोल्ट वापरण्यापूर्वी असे तपासा:

१. सगळे धुऊन सपाट फरशीवर उभे करा. एकाच मापाचे बोल्ट सारख्याच उंचीचे भरले पाहिजेत.

२. नट आट्यांवर बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. मध्येच अडला तर आटे ताणले किंवा मार खाल्ला असे समजा.

३. बोल्ट कमरेत बारीक झालेला, गंजाने खड्डे पडलेला किंवा चीर गेलेला असेल तर बाद करा.

४. इंजिन एकदा जोरात तापले असेल, किंवा बोल्ट आधी किती वेळा आवळले ते माहीत नसेल, तर पूर्ण संच बदला. एक नवा, तीन जुने असे करू नका. सगळ्यांची पकड सारखी राहत नाही.

नवे बोल्ट त्याच इंजिनाचे घ्या. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात, ती त्याची ताकद. खूण नसलेला बाजारी बोल्ट मापात बसला तरी हेडला लावू नका.

आता बसवण्याबद्दल. गॅस्केट दर वेळी नवेच घाला. ब्लॉकमधली बोल्टची भोके कोरडी करा. तळाशी पाणी किंवा ऑइल राहिले तर बोल्ट आवळताना ब्लॉक तडकू शकतो. आट्यांना पुस्तिकेत सांगितले असेल तेवढाच तेलाचा हात लावा. बोल्ट मधल्यापासून कडेकडे, तीन टप्प्यांत आवळा. शेवटचा टप्पा टॉर्क पान्यानेच पुरा करा. पान्याला पाइप घालून अंदाजाने आवळू नका. तुमच्या मिस्त्रीकडे टॉर्क पाना आहे का, ते काम देण्याआधीच विचारा. काही तास चालवून बोल्ट पुन्हा आवळायला पुस्तिकेत सांगितले असेल तर तेही करा, आणि नंतर टॅपेटची फट तपासून घ्या.

बंधूंनो, बोल्टांचा संच हेडच्या मानाने स्वस्तच पडतो. तपासून खात्री पटली तर जुने खुशाल वापरा. शंका आली तर नवे घाला. आणि हे काम उन्हाळ्यात, नांगरटीची घाई संपली की करून घ्या. पेरणीच्या दिवशी हेड उघडायची पाळी येऊ देऊ नका.